‘आता मला काही होत नाही’ : सर्पविष, ॲलर्जी आणि एक चुकलेला हिशेब

दोन वर्षांपूर्वी फील्डवर्कसाठी कोकणात एका सर्पमित्राच्या घरी गेले होते. ओसरीवर चहा पिता पिता त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. टोकाला नखाजवळ जुना खड्डा होता. "फुरसं. पहिल्यांदा चावलं तेव्हा चार दिवस ॲडमिट होतो. दुसऱ्यांदा दोनच दिवस. आता मला काही होत नाही ताई, सवय झालीय अंगाला."

"मग तिसऱ्यांदा?" मी विचारलं, कारण बोलण्यात तिसरा दंश ओझरता येऊन गेला होता.

तिसऱ्यांदा म्हणे पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि ते अंगणातच कोसळले. नशिबाने ग्रामीण रुग्णालय जवळ होतं. दादांचा निष्कर्ष असा की त्या वेळी सापाने विष जास्त सोडलं असणार.

आता तुम्ही जरा थांबून विचार करा. फुरशाचं विष प्रामुख्याने रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवतं. चावल्या जागी सूज चढते, काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. हे सगळं तासांच्या मापात घडतं. तळहात खाजणं, गांधी उठणं, घसा आवळणं हे मिनिटांच्या मापात घडलं. घड्याळ वेगळं, म्हणजे बहुधा यंत्रणाही वेगळी. दादांना विषबाधा झाली असेलही, पण अंगणात कोसळवलं ते बहुतेक ॲनाफायलॅक्सिसने, म्हणजे तीव्र ॲलर्जीने. आणि ती तिसऱ्या दंशाला झाली ती आधीचे दोन झाले होते म्हणूनच. ज्याला ते ‘सवय’ म्हणत होते, त्याच गोष्टीने घात केला.

नेट-सेट झालीय, पेट दिलीय आणि आता विषय शोधताय अशांसाठी मी हा ब्लॉग लिहिते. आजची गोष्ट मुद्दाम निवडली आहे. शरीर एकाच विषाचे दोन हिशेब ठेवतं, आणि साप हाताळणाऱ्यांनी (आणि बराच काळ शास्त्रज्ञांनीही) त्यातला एकच वाचला. दुसरा का वाचला गेला नाही, हे बघण्यासारखं आहे.

पहिल्या हिशेबापासून सुरुवात करू. थोडं थोडं विष घेत राहिलं की विष बाधत नाही, ही कल्पना फार जुनी आहे. पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस, आपल्याकडच्या विषकन्येच्या कथा, सगळीकडे ती सापडते. प्रयोगशाळेत ती आली १८८७ मध्ये. अमेरिकेत मिशिगनला हेन्री सेवॉल याने कबुतरांना खुळखुळ्या सापाच्या विषाचे अगदी छोटे डोस दिले आणि दाखवलं की अशी कबुतरं नंतर प्राणघातक मात्रेच्या कित्येक पट विष सहन करतात. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये एकाच सुमारास दोन गटांनी, एकीकडे फिसालिक्स आणि बर्ट्रांड, दुसरीकडे आल्बेर काल्मेत, विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विषाला निष्प्रभ करणारं काहीतरी तयार होतं हे मांडलं. काल्मेत त्याआधी सायगावच्या पाश्चर संस्थेत होता आणि नागाच्या विषावरचं त्याचं काम तिथेच सुरू झालं होतं. आज घोड्यांना विषाचे वाढते डोस देऊन जे प्रतिविष बनतं, ज्याला दवाखान्यात एएसव्ही म्हणतात, त्याची मुळं इथे आहेत. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष याच पद्धतीने तयार झालं.

मग साप हाताळणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं : घोड्याला जमतं तर मला का नाही?

हा प्रश्न सगळ्यात गाजवला तो फ्लोरिडाच्या बिल हास्ट यांनी. मायामी सर्पेंटेरियम चालवणारे हास्ट १९४८ पासून स्वतःला नागाचं पातळ केलेलं विष टोचून घेत. पुढे त्यात इतर सापांची विषं आली. आयुष्यात १७० हून अधिक दंश झाले, त्यांचं रक्त काही सर्पदंशाच्या रुग्णांना दिलं गेलं, आणि २०११ मध्ये ते वारले तेव्हा वय होतं १००. साप पाळणाऱ्या कुठल्याही गटात बसा, अर्ध्या तासात हास्ट यांचं नाव निघतंच. मी त्यांना खोटं पाडत नाहीये. त्यांच्या शरीराने खरोखर भरपूर प्रतिपिंडं बनवली होती. पण ज्यांनी हाच मार्ग धरला आणि पाचव्या किंवा दहाव्या वेळी जे कोसळले, त्यांची नावं कुणी सांगत नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात तुम्ही ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ची व्याख्या पाठ केली असेल. हे त्याचं जिवंत उदाहरण.

आता दुसरा हिशेब. १९०१ चा उन्हाळा. मोनॅकोचा राजपुत्र पहिला आल्बेर याला समुद्रविज्ञानाचा नाद होता. त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. फिझॅलिया नावाचा समुद्रात तरंगणारा जीव, ज्याच्या तंतूंचा स्पर्श भयंकर झोंबतो, त्याचं विष त्यांनी अभ्यासायला घेतलं. फ्रान्सला परतल्यावर फिझॅलिया मिळेना, म्हणून समुद्रफुलाचं, म्हणजे ॲक्टिनियाचं विष घेतलं आणि कुत्र्यांना टोचायला सुरुवात केली. लक्षात घ्या, ते शोधत होते प्रतिकारशक्तीच. नेपच्यून नावाच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला एक छोटा डोस दिला, त्याला काही झालं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढाच डोस पुन्हा दिला. काही सेकंदांत कुत्रा धापा टाकायला लागला, आडवा पडला, रक्ताची उलटी झाली आणि २५ मिनिटांत मेला.

तुमच्या प्रयोगात असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. मी बहुतेक वहीत ‘डोस चुकला, पुन्हा करणे’ असं लिहून मोकळी झाले असते. रिशे आणि पोर्तिए यांनी तसं केलं नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये त्यांनी हे पॅरिसच्या जीवशास्त्र सभेसमोर मांडलं आणि त्याला नाव दिलं ॲनाफायलॅक्सिस. संरक्षण या अर्थाच्या ग्रीक शब्दाला उलटं करून केलेला हा शब्द. रिशेला त्यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. (पोर्तिएला मिळालं नाही. सहलेखकांच्या नशिबावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी.)

म्हणजे बघा, तीव्र ॲलर्जीचा शोधच मुळी विषाच्या अभ्यासातून लागला आहे. तरीही साप हाताळणाऱ्यांपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला. १९३० मध्ये झोझाया आणि स्टॅडेलमन यांनी सर्पविषातल्या प्रथिनांविषयीच्या अतिसंवेदनशीलतेची एक केस छापली. त्यानंतर अधूनमधून एखादी नोंद, एखादा रुग्ण. रक्तातला तो कारक घटक काय आहे हेही ठाऊक नव्हतं. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ याने माशाची ॲलर्जी असलेल्या आपल्या सहकाऱ्याचं, क्यूस्टनरचं, सीरम स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं आणि ॲलर्जी रक्तद्रवातून दुसऱ्याकडे नेता येते हे दाखवलं. पण ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे कळायला १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांनी वेगवेगळ्या वाटांनी ते शोधलं. आज आपण त्याला आयजीई म्हणतो.

इथून चित्र स्पष्ट होतं. वारंवार विष शरीरात गेलं की काही पेशी आयजीजी बनवतात. ही प्रतिपिंडं विषाला पकडून निष्प्रभ करू शकतात. घोड्याच्या सीरममधून आपण काढतो ती हीच, आणि हास्ट यांचं नशीबही हेच. पण त्याच विषाला काही शरीरं आयजीईसुद्धा बनवतात. ते मास्ट पेशींवर जाऊन बसतं आणि पुढच्या वेळी विष आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि बाकी दारूगोळा एका झटक्यात सोडतात. दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असू शकतात. कुठल्या माणसात कुठला वरचढ ठरेल, हे बाहेरून दिसत नाही. १९८७ मध्ये वाडी आणि रॅब्सन यांनी सर्पविषाच्या वारंवार संपर्कानंतर विशिष्ट आयजीई तयार होतं हे मोजून दाखवलं. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधून ॲस्प व्हायपरच्या वारंवार दंशांनंतर झालेल्या ॲलर्जीची नोंद आली.

मधमाश्यांच्या बाबतीत हे काम कितीतरी पुढे आहे, आणि तिथला एक निष्कर्ष मला फार आवडतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच संशोधकांनी मधपाळांचा अभ्यास केला. वर्षाला २०० हून जास्त डंख खाणाऱ्यांमध्ये ॲलर्जी जवळपास दिसली नाही. वर्षाला २५ हून कमी डंख खाणाऱ्यांमध्ये ती सर्वांत जास्त होती. म्हणजे अधूनमधून, अंतराअंतराने होणारा संपर्क जास्त धोक्याचा. आता सांगा, सर्पमित्राला वर्षाला किती दंश होतात? आयुष्यात दोन, चार, फार तर दहा, तेही वर्षांच्या अंतराने. माशीवरून सापावर उडी मारणं शास्त्रीयदृष्ट्या धाडसाचं आहे, हे मान्य. पण गृहीतक म्हणून ते वाईट नाही.

मग दुसरा हिशेब इतका काळ झाकलेला का राहिला? माझ्या मते मोठं कारण साधं आहे. साप चावला, माणूस कोसळला, तर कारणाच्या रकान्यात ‘विषबाधा’ लिहिलं जातं. तिथे शंका घ्यायला जागाच नसते. त्यात भर म्हणजे काही विषं ॲलर्जीशिवायही रक्तदाब पाडतात. १९४९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये रोशा ई सिल्वा, बेराल्दो आणि रोझेनफेल्ड यांनी जराराका या सापाचं विष रक्तद्रवात मिसळलं आणि त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारा ब्रॅडिकिनिन हा रेणू सापडला. (रक्तदाबाच्या कॅप्टोप्रिल या औषधाची कथाही याच सापाच्या विषातून जाते.) तेव्हा पहिल्या काही मिनिटांत आलेली चक्कर विषाची की ॲलर्जीची, हे कधी कधी अनुभवी डॉक्टरलाही लगेच सांगता येत नाही.

पण काही खुणा आहेत. पहिलं म्हणजे वेळ : लक्षणं मिनिटांत आली का? दुसरं म्हणजे दंशापासून लांब काय घडतंय? बोटाला दंश आणि गांधी पोटावर, पाठीवर. तळहात-तळपाय खाजणं, ओठ-जीभ सुजणं, घोगरा आवाज, शीळ घातल्यासारखा श्वास, पोटात मुरडा, उलटी, ‘आता काही खरं नाही’ अशी विचित्र भीती. नाग किंवा मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. घोणस-फुरशाने रक्त गोठत नाही. गांधी उठवणं हे यांच्यापैकी कुणाचंच नेहमीचं काम नाही. मात्र एक फसवी बाब ध्यानात ठेवा. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, थेट रक्तदाब कोसळतो. दवाखान्यात एक-दोन तासांच्या आसपास रक्त घेऊन ट्रिप्टेज मोजलं तर मास्ट पेशी फुटल्या होत्या का, हे नंतर कळू शकतं. तालुक्याच्या पातळीवर ते कोण मोजणार, हा प्रश्न आहेच.

आणि दंशच व्हायला हवा असंही नाही. वाळवलेल्या विषाची पूड हाताळणाऱ्यांना, विष काढणाऱ्यांना श्वासातून, डोळ्यांतून संपर्क होतो. माझंच सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वेळी एका लॅबमध्ये वाळवलेल्या विषाची कुपी उघडली की मला सटासट शिंका यायच्या. सीनियर म्हणाला, "डस्ट ॲलर्जी असेल तुला." मीही मान डोलावली. त्या खोलीतली डस्ट म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मला तब्बल दीड वर्षाने पडला. आता मी कुपी हूडखाली, मास्क आणि चष्मा लावून उघडते आणि माझी तपासणी करून घेतली आहे.

उपायाचा इतिहासही त्याच वर्षातला. रिशे जहाजावर होता त्या १९०१ मध्येच योकिची ताकामिने याने शुद्ध स्वरूपात वेगळ्या केलेल्या ॲड्रेनलिनचं काम प्रसिद्ध झालं. ॲनाफायलॅक्सिसवरचं पहिलं औषध आजही तेच आहे. मोठ्या माणसाला एकास हजार तीव्रतेचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. पित्ताची गोळी किंवा ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन खाज कमी करतं, आवळलेला घसा मोकळा करत नाही आणि पडलेला रक्तदाब उचलत नाही. आपल्याकडे ही चूक सर्रास होते : आधी ते देतात, ‘बघू’ म्हणतात, आणि ॲड्रेनलिन शेवटी काढतात. ब्रिटनमधल्या मृत्यूंचा पम्फ्री यांनी २००० मध्ये अभ्यास मांडला. त्यात कीटकदंशाच्या ॲलर्जीत हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक वेळ होता १५ मिनिटं. ‘बघू’ म्हणायला त्यात जागा नाही. त्यांचाच आणखी एक इशारा आहे : रक्तदाब पडलेल्या माणसाला अचानक उठवून बसवू नये, उभं करू नये. आडवं ठेवून पाय वर करायचे. श्वास लागत असेल तरच टेकून बसू द्यायचं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली पद्धत आठवा.

ॲड्रेनलिन दिलं म्हणजे सर्पदंश संपला असं मात्र नाही. विष अंगात आहेच आणि त्यासाठी रुग्णालय गाठायचंच. तिथे तिसरा गुंता उभा राहतो. प्रतिविष घोड्याच्या प्रथिनांचं, त्यानेही तीव्र प्रतिक्रिया येते, आणि ती पूर्वी कधीच एएसव्ही न घेतलेल्यांनाही येऊ शकते. बरीच वर्षं आधी त्वचेत टेस्ट डोस टोचून बघायची रीत होती. १९८६ मध्ये मलासित, वॉरेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या चाचणीवरून कोणाला प्रतिक्रिया येईल हे सांगता येत नाही, कारण या प्रतिक्रिया बहुतांशी आयजीईच्या नसतातच. भारताच्या उपचार-नियमावलीतही टेस्ट डोस देऊ नये असंच आहे. २०११ मध्ये श्रीलंकेत १००७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एएसव्हीच्या आधी कमी मात्रेत ॲड्रेनलिन दिल्यावर पहिल्या तासातल्या तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. प्रोमेथाझिन आणि हायड्रोकॉर्टिसोन, जी सवयीने दिली जातात, त्यांचा फायदा दिसला नाही. पेपर मुळातून वाचा, चाचणीची आखणी शिकण्यासारखी आहे.

इथपर्यंत वाचून आयजीई म्हणजे शरीराची निव्वळ चूक असं तुमचं मत झालं असेल, तर त्यालाही एक धक्का. स्टॅनफर्डच्या स्टीफन गॅली यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांवर दाखवलं की घोणशीच्या विषाविरुद्ध बनलेलं आयजीई काही परिस्थितीत उंदरांना वाचवतं. मास्ट पेशींतली विकरं विषातले घटक तोडतात. म्हणजे हा दुसरा हिशेब कदाचित मुळात संरक्षणासाठीच उघडला गेला असेल, आणि प्रमाणाबाहेर गेला की मारतो. रिशेने उलटा केलेला शब्द पुन्हा सुलटा होऊ पाहतोय. यावर माझं मत अजून पक्कं नाही, गाईडशी वाद चालू आहे.

दादांकडे परत जाते. आपल्याकडे घरी साप पाळणं कायद्याने चालत नाही, त्यामुळे इथे हा धोका सर्पमित्र, सर्पोद्यानातले कर्मचारी आणि विषावर काम करणारे यांच्या वाट्याला येतो. दादांकडे एक जाडजूड वही आहे. साप कुठला, कुणाच्या घरी पकडला, कुठे सोडला, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. दंश झाले त्या पानांवर फक्त ‘चावला’ आणि ‘ॲडमिट’ एवढंच. मी विचारलं, पहिलं लक्षण किती मिनिटांनी आलं आणि कुठे, हे लिहिता येईल का? त्यांनी वही फिरवून घेतली, पट्टीने दोन नवे रकाने आखले आणि तिसऱ्या दंशाच्या ओळीत आठवून लिहिलं : ‘५ मिनिटे. तळहात.’

मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, ते मांडीतलं इंजेक्शन काय म्हणतायत ताई, ते शिकायला आपण दोघं डॉक्टरांकडे कधी जायचं?" वहिनी आतूनच म्हणाल्या, "उद्याच."